२,४१,००० किमी झालेल्या डिझेल स्विफ्टचं इंजिन घरच्या खळ्यात खोलतोय

खाडीकाठचा | २२ मे, रात्री ९.४०

गाडी २०१० ची स्विफ्ट व्हीडीआय, पासिंग एमएच ०८. इंजिन १२४८ सीसीचं मल्टिजेट, मीटरवर २,४१,३०० किमी. घर राजापूर तालुक्यात, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. बाबांनी ही गाडी नवी घेतली होती. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत जाऊन पुन्हा पासिंग करून घेतलं, म्हणजे कागदोपत्री गाडीला अजून आयुष्य आहे. प्रश्न इंजिनाचा आहे.

दुखणं असं. सकाळी पहिल्या स्टार्टला ड्रायव्हर बाजूने, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या टायमिंग चेनच्या बाजूने, लोखंडी साखळी फरशीवर ओढावी तसा खडखडाट येतो. आधी तीन-चार सेकंदांत थांबायचा. गेल्या दीड महिन्यात तो आठ-दहा सेकंदांवर गेला. मागच्या आठवड्यात आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला टाकून अणुस्कुरा घाटाने उतरलो, पाचलला चहाला थांबलो, तर आयडलिंगवर ऑइलचा लाल दिवा एकदा लुकलुकला. एकदाच. पण पोटात गोळा आला.

दोन ठिकाणी दाखवली. एकाने चेन किट सांगितलं, मजुरीसकट ३८ हजार. दुसऱ्याने आवाज ऐकून, बॉनेट नीट न उघडताच, इंजिन पूर्ण बांधायला काढा म्हणून सांगितलं.

मी आयटीआयला फिटर ट्रेड केला आहे. बागेतले फवारणीचे पंप आणि विहिरीवरची मोटर मीच खोलतो. या गाडीचे ब्रेक पॅड, रेडिएटर, अल्टरनेटरचा पट्टा हे सगळं मीच केलंय. टायमिंगला मात्र कधी हात लावलेला नाही. आंबा संपत आलाय, मृग लागायला दोन आठवडे आहेत. एवढ्या दिवसांत मांडवाखाली चेन बदलून होईल का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, कुठे फसायला होतं?


घाटमाथा | २२ मे, रात्री १०.१५

कोल्हापूरहून लिहितोय. तुमचं मन मोडायचं नाही, पण हे ब्रेक पॅडसारखं काम नाही. डिझेल इंजिनात पिस्टन वर आल्यावर हेड आणि पिस्टन यांच्यात आठ-दहा कागदांच्या जाडीएवढीच फट उरते. चेन एक-दोन दात सरकून बसली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि मग ३८ हजारांत काही भागत नाही. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि फ्लायव्हील (क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या टोकाचं जड चाक) लॉक करायच्या पिना मिळाल्या तरच हात घाला. पांढऱ्या खुणा करून अंदाजाने बसवणारे लोक आहेत. त्यातल्या एकाने बसवलेलं इंजिन मी पुन्हा उघडलेलं आहे, आठही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकले होते.

पिना माझ्याकडे आहेत. घाट चढून या आणि घेऊन जा, काम झाल्यावर परत करा.


हर्णैवाला | २३ मे, सकाळी ६.०५

पस्तीस वर्षं मच्छीमारी बोटींच्या इंजिनांवर गेली. समुद्रात मेकॅनिक बोलावता येत नाही, म्हणून आमच्याकडे एक शिस्त असते: खोलायच्या आधी मोजायचं.

आवाज कुठून येतो ते तुम्हाला कळलंय. का येतो ते अजून कोणीच बघितलेलं नाही. चेन दोषी हे ठरवलं कोणी?

त्या चेनला ताण देणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं तेल उतरतं. सकाळी स्टार्ट केल्यावर दाब येईपर्यंत चेन सैल असते आणि गाइडवर, म्हणजे तिला वाट धरून देणाऱ्या पट्टीवर, आपटते. दाब दोन सेकंदांत आला तर खडखड दोन सेकंद. दाब दहा सेकंदांनी येत असेल तर खडखड दहा सेकंद, आणि त्या रोजच्या दहा सेकंदांत चेन, गाइड सगळंच झिजतं. या इंजिनाचे व्हॉल्व्ह हलवणारे टॅपेटही हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावरचे आहेत, टर्बोचं बेअरिंगही त्याच तेलावर तरंगतं. तुमच्याकडे खडखडीचा वेळ वाढत गेला आणि वर लाल दिवाही लुकलुकला. मला हे दोन्ही एकाच दुखण्याचे वाटतात.

ऑइल प्रेशरचा स्विच काढा, त्या जागी साधं काट्याचं प्रेशर गेज लावा. गाडी वीस किलोमीटर फिरवून पूर्ण गरम करा आणि आकडा वाचा. ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार तरी हवा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्याही खाली गेल्यावर लागतो, तोवर बेअरिंगांनी बरंच सोसलेलं असतं.

दाब कमी निघाला तर आधी चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवा आणि आतली जाळी बघा. चेनचं कव्हर काढायला चेंबर तसंही उतरवावंच लागणार आहे, त्यामुळे जास्तीचं काम काहीच नाही.


तळकोकणी | २३ मे, सकाळी ८.३०

माका एक सांगा, इंजिनची अर्थिंगची पट्टी तुमी बघितलात काय? आमच्याकडे मालवणाक खारो वारो, तांब्याची वायर आतल्या आत हिरवी होता आणि वरसून काय कळणा नाय.

नीट लिहितो. सेल्फ मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत मल्टिमीटर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी बदला. सेल्फ हळू फिरला की तेलाचा पंपही हळू फिरतो, दाब उशिरा येतो. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे, खाडीकाठच्या गाडीला हे आधी.


खाडीकाठचा | २४ मे, रात्री ८.५०

हर्णैवाले काका, तुमचं ऐकलं. राजापुरातल्या ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात काट्याचं गेज मिळालं, थ्रेड जुळवायचा अ‍ॅडॅप्टर लेथवाल्याने तासून दिला. ओणीपर्यंत जाऊन आलो, इंजिन पूर्ण गरम.

आयडलिंगला ०.५ बार. २००० आरपीएमला १.१ बार.

तुमच्या हिशोबाने दोन हजारला १.४ तरी हवा होता. सकाळी थंड इंजिनावर काटा हलायला नऊ सेकंद लागले, आणि खडखड बरोबर काटा वर आल्यावर थांबली. दोन वेळा बघितलं, दोन्ही वेळा तसंच.

तळकोकणी, अर्थिंग ०.८ व्होल्ट निघालं. पट्टीचं आवरण सोललं तर आत हिरवी भुकटी. नवी घातली, सेल्फ लगेच खणखणीत झाला. नऊ सेकंदांचे सात झाले, म्हणजे थोडा हातभार तिचाही होता.

उद्या कोल्हापूरला जाऊन चेन किट, सिलिकॉन, ऑइल आणि घाटमाथांकडच्या पिना घेऊन येतो.


चाकरमानी_८८ | २४ मे, रात्री ११.२०

माझीही हीच गाडी, १,८०,००० झालेत, दर गणपतीला आणि शिमग्याला विरार ते गुहागर. खडखड अजून नाही. मी पण गेज लावून बघावं का? तुमच्याकडे तेल किती किलोमीटरला बदलता?


खाडीकाठचा | २५ मे, सकाळी ७.००

जरूर लावा. कंपनीचं वेळापत्रक १०,००० किमी किंवा एक वर्षाचं. आम्ही बरीच वर्षं किलोमीटरच मोजले, वर्ष मोजलं नाही, तिथे चुकलो. बाबा रोज घर ते बाजार, चार किलोमीटर जाणार, चार येणार. इंजिन नीट तापायच्या आधीच बंद. इथल्या दमट हवेत आत पाणी धरतं, ते उडून जायला तेल पुरेसं तापतच नाही. त्यात धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरमुळे डिझेलची काजळी तेलात उतरते. तुमचे मुंबईचे लांब पल्ल्याचे किलोमीटर इंजिनाला आमच्या या छोट्या फेऱ्यांपेक्षा सोपे.


वाशिष्ठीकाठ | २५ मे, दुपारी २.१०

दादा, गाडी उचलणार कशावर? हे आधी सांगा. आमच्या शेजारी एकाने जॅकवर उचलून खाली जांभ्याचे चिरे लावले होते. चिरा भिंतीत भार घेतो कारण तो सगळीकडे सारखा बसतो. गाडीचं वजन एका कोपऱ्यावर आलं की तो ठिसूळ होऊन फुटतो, आणि भिजलेला असेल तर न सांगता फुटतो. नशिबाने तेव्हा खाली कोणी नव्हतं.

लोखंडी घोड्याच वापरा. खळं सारवलेलं असेल तर घोडीचा पाय रुततो, खाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा टाका. काढलेली चाकं गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी सरकली तरी गाडी चाकावर येते.


खाडीकाठचा | २५ मे, रात्री ९.३०

ताई, खूप आभार. खरंच सांगतो, चिरेच लावायचा विचार होता. घोड्या पाचलच्या गॅरेजमधून चार दिवसांसाठी आणल्या, खाली सागाच्या दोन फळ्या.

इंजिन वरून धरायला विहिरीतला पंप काढायची लोखंडी तिपाई आणि चेन ब्लॉक लावलाय. चेंबर उतरवायचं असल्यामुळे खालून जॅकचा आधार देता येत नाही आणि त्या बाजूचं माउंटिंगही सुटणार, म्हणून इंजिन वरूनच टांगलं.


खाडीकाठचा | २८ मे, रात्री १०.००

दोन दिवस गंजाशी झगडण्यात गेले. टायमिंगचं काम अजून सुरूही नाही.

देशावर सोळा वर्षांच्या गाडीचा बोल्ट पान्याला लागतो आणि सुटतो. इथे सायलेन्सरच्या पुढच्या पाइपचे नट ओळखूच येत नव्हते, षटकोनाचे गोळे झाले होते. तो पाइप चेंबरच्या आड येत होता, काढल्यावाचून इलाज नव्हता. मी काय केलं ते लिहितो, कारण किनाऱ्यावरच्या सगळ्यांना हेच भोगावं लागणार.

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं, सकाळी पुन्हा मारलं. प्रत्येक बोल्ट आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. अर्धा आटा सुटला की परत पाव आटा आत, मग पुन्हा बाहेर. सरळ ओढत राहिलं की गंजाची भुकटी आट्यांत गोळा होते आणि बोल्ट जागीच तुटतो. बारा कोनी बॉक्स पाना अजिबात वापरू नका, सहा कोनीच. एवढं करूनही एक स्टड तुटला. गावातल्या वेल्डरला बोलावून तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून घेतला, गरम असतानाच पाना लावला आणि तो लोण्यासारखा बाहेर आला. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि इसीएमचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, प्लग काढून ठेवला होता.

चेंबरचे बोल्ट मानाने सोपे निघाले, तेलाने माखलेले असल्यामुळे. उद्या चेंबर.


खाडीकाठचा | २९ मे, संध्याकाळी ७.१५

काका, जाळी.

चेंबर सिलिकॉनने चिकटलेलं होतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं असतं तर कडा वाकली असती, म्हणून पातळ पात्याची पट्टी हळूहळू फिरवत सोडवलं. तळाला बोटभर काळा चिखल. आणि तेल ओढायच्या नळीच्या तोंडावर जी जाळी आहे, तिचा दोन तृतीयांश भाग बुजलेला. थोडा कार्बन, पण जास्त करून राखाडी रंगाचे सिलिकॉनचे तंतू आणि गोळ्या.

कंपनीतून येताना आतमध्ये असा सिलिकॉन असणं शक्य नाही. बाबांना विचारलं तेव्हा आठवलं, २०१७ मध्ये हायवेच्या कामाच्या खड्ड्यात चेंबर आपटून गळायला लागलं होतं, तेव्हा ते बदललं. ज्याने बदललं त्याने सिलिकॉन भरभरून लावला. बोल्ट आवळल्यावर तो बाहेर आला तेवढा पुसला, जेवढा आत गेला तेवढा आतच राहिला. पुढची सगळी वर्षं तो तेलात सुटत गेला आणि जाळीवर जमत गेला.

मला वाईट याचं वाटतं की काम करणाऱ्याची दानत वाईट नव्हती. गळती नको म्हणूनच जास्त लावला असणार. पण आत काय होईल याचा विचार कोणी केला नाही, आणि तेल बदलताना आम्हीही कधी दाब बघितला नाही.

जुना फिल्टर कापून कागद उलगडला. पितळी चमक नाही, चुंबकाला लोखंडाचा कीसही नगण्य. बेअरिंगं वाचली असावीत.


हर्णैवाला | २९ मे, रात्री ८.४०

बरं झालं बघितलंत. फिल्टरमध्ये चमक नाही ही सगळ्यात चांगली बातमी. इंजिन पूर्ण बांधायला काढा म्हणणाऱ्याचं ऐकलं असतं तर चांगला क्रँक उगाच ग्राइंडिंगला गेला असता.

जाळी रॉकेलमध्ये भिजवून, आतून बाहेर हवा मारून साफ करा. बाहेरून आत मारू नका, कचरा नळीत जाईल. नळीच्या तोंडाची रबरी रिंग नवी घाला. ती कडक झालेली असेल तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि दाब परत कमी. लोक जाळी धुतात आणि ती रिंग तशीच ठेवतात.

नवा सिलिकॉन बारीक लावा, तीन मिलिमीटरची रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. दोन्ही पृष्ठभागांवर तेलाचा थेंब राहता कामा नये. दमट हवेची काळजी करू नका. हा सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, कोकणात तो लवकर धरतो. तरीही रात्रभर थांबा, मगच तेल भरा.


घाटमाथा | २९ मे, रात्री ९.२५

एक विचारतो. जाळी सापडली, दाबाचं कारण मिळालं. मग आता चेन बदलायची का? सगळं बंद करून गेज लावून बघता येईल की.


खाडीकाठचा | ३० मे, सकाळी ६.४५

हाच विचार रात्रभर केला. सकाळी कव्हर काढून बघितलं. टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलाय, म्हणजे ताण देण्याची त्याची ताकद संपत आली. प्लास्टिकच्या गाइडवर चेनने खोल चर पाडलेत, एका जागी टवका उडालाय. तो टवका चेंबरमध्ये मिळाला नाही. जाळीच्या चिखलात गेला असावा किंवा तेल बदलताना बाहेर पडला असावा.

कमी दाबाने चेन खाल्ली, चेनने दाब कमी केला नव्हता. पण खाल्ली हे खरंच आहे. किट आणलंय, इथवर आलोय, बदलणार.

तरी एक बोलतो. मी गॅरेजला चेन किट टाकून घेतलं असतं तर चेंबर उतरलंच असतं. पण जाळी कोणी हातात घेऊन उजेडात धरली असती का? नवी चेन त्याच अर्ध्या बारवर चालली असती आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा खडखडली असती. गॅरेजमध्ये करा नाहीतर घरी करा, चेंबर उतरल्यावर जाळी स्वतःच्या डोळ्यांनी बघा.


वाशिष्ठीकाठ | ३० मे, दुपारी १.००

तुमचं वाचून माझंही लिहावंसं वाटलं. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची वॅगन-आर बॉनेटच्या वरपर्यंत पाण्यात होती. चिपळुणातल्या हजारो गाड्यांचं तेच झालं. पाणी ओसरल्यावर आमच्या गल्लीत दोघांनी चालू होते का बघू म्हणून चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. दोन्ही गाड्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले.

आमच्या ह्यांनी आणि मी बॅटरी काढली, चारही प्लग काढले, मग पुलीवर पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. प्लगच्या भोकांतून चिखलाचं पाणी कारंज्यासारखं उडालं. प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडून पुन्हा फिरवलं. चेंबरमधलं तेल दुधाच्या चहासारखं झालं होतं. स्वस्तातलं तेल घालून, थोडा वेळ चालवून काढायचं, असं तीन वेळा केलं, तेव्हा कुठे तेल तेलासारखं दिसायला लागलं. त्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे, कव्हरच्या आत चिखल बसला होता म्हणून बेल्ट आणि त्याचा बेअरिंगही बदलला. वर्षभर वायरिंगचा त्रास झाला. इंजिनाने मात्र आजवर तक्रार केलेली नाही, १,६०,००० झालेत.

तेव्हा आमच्याकडे काही शिक्षण नव्हतं, घाई करायची नाही एवढं मात्र ठरवलं होतं. तुम्हीही पाऊस येतोय म्हणून घाई करू नका.


खाडीकाठचा | ३१ मे, रात्री ११.३०

ताई, तुम्ही लिहिलंत आणि आज दुपारी वळवाचा पाऊस आला. वाऱ्याने मांडवाची झापं उचलली. इंजिन पुढून उघडं, चेन लोंबकळतेय, खाली चेंबर नाही. मी आणि बाबांनी आधी ताडपत्री इंजिनावर टाकली, मग बाकीचं सावरलं. बाबा सत्तरीचे आहेत, भिजत ताडपत्रीची दोरी धरून उभे होते. पाणी आत गेलं नाही, पण पाण्याबरोबर खळ्यातली लाल माती उडते, तिचा एक कण बेअरिंगला पुरे. सगळी भोकं पुन्हा डिझेलने धुतली आणि स्वच्छ कपड्याने पुसली. धागे सुटणारी चिंधी वापरू नका, ते धागे जाळीवर जातात. जुनी सुती साडी फाडून घेतली आहे.

उद्या काम नाही. वाळू दे.


खाडीकाठचा | २ जून, रात्री ९.५०

आज चेन बसली. फ्लायव्हील लॉक केलं, कॅमना पिना घातल्या, मगच जुनी चेन काढली. जुनी आणि नवी शेजारी शेजारी खिळ्याला लावून लोंबकळत ठेवल्या, जुनी सुमारे ४ मिमी लांब निघाली. डोळ्यांना चेन चांगली दिसत होती. लांबी बघितली तेव्हा कळलं.

टॉर्क रेंच वापरला. जे बोल्ट आधी टॉर्क आणि मग अंश मोजून आवळायचे असतात ते एकदाच ताणले जाण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून ते नवे घातले. दहा बोल्ट, तेवढ्यासाठी कोल्हापूरला दुसरी फेरी झाली.

पिना काढून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, तेव्हाच सगळं मूळ जागी येतं. दोन फेऱ्यांनंतर पिना पुन्हा घालून बघितल्या, दोन्ही सरळ आत गेल्या. मध्ये कुठेही अडखळलं नाही. घाटमाथादादा, तुमच्या पिनांशिवाय हे मी केलं नसतं.

कव्हर आणि चेंबर बसवलं, सिलिकॉनची बारीक रेघ, जशी सांगितली तशी. आता रात्रभर तसंच.

जळक्या तेलाचंही सांगतो. आमच्याकडे ते वाळवीसाठी खांबांना आणि कुंपणाला लावायची पद्धत आहे. मीही लावलेलं आहे. पण आमची विहीर खळ्यापासून वीस पावलांवर, आणि जांभ्यातून पाणी झिरपतं तसं तेलही झिरपतं. या वेळी सगळं डब्यात भरून ठेवलंय. राजापुरातला एक गॅरेजवाला जुनं तेल गोळा करणाऱ्याला देतो, त्याच्याकडे देणार.


खाडीकाठचा | ३ जून, रात्री ८.२०

स्टार्ट झाली.

आधी इंजेक्टरचे प्लग काढून नुसता सेल्फ मारला, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून, गेजचा काटा वर येईपर्यंत. तिसऱ्या वेळी काटा हलला. मग प्लग लावून चावी फिरवली. पहिल्या झटक्यात घेतली. काही खडखड नाही. बाबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

ओणीपर्यंत फिरवून आणली. गरम इंजिनावर आयडलिंगला १.२ बार, २००० आरपीएमला २.९.


हर्णैवाला | ३ जून, रात्री ८.४५

२.९ म्हणजे बेअरिंगं उत्तम आहेत. आता ५०० किलोमीटरवर तेल आणि फिल्टर पुन्हा बदला. चेंबर कितीही पुसलं तरी वरच्या गल्ल्यांत, म्हणजे तेलाच्या वाटांत, जुना चिखल असतो, नवं तेल तो सोडवून खाली आणणार आणि जाळी परत भरणार. पैसे जातील पण टाळू नका.


नवा_ड्रायव्हर | ५ जून, सकाळी १०.१०

मी देवगडला असतो, घर उतारावर आहे. गाडी गिअरमध्ये टाकून लावतो. या इंजिनाला त्याचा त्रास होतो असं ऐकलंय, खरं का?


घाटमाथा | ५ जून, दुपारी १२.३०

गाडी गिअरमध्ये असताना उतारावर थोडी सरकली आणि इंजिन उलट्या दिशेने फिरलं, तर ताण चेनच्या टेन्शनरच्या बाजूवर येतो, टेन्शनर मागे दबतो आणि दुसरी बाजू सैल पडते. इंजिन बंद असताना टेन्शनरला तेलाचा दाब नसतो, त्यामुळे झिजलेली चेन तेव्हा दात सोडू शकते. चांगल्या चेनला भीती कमी. तरी हँडब्रेक पूर्ण ओढा, चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा, गाडीचं वजन त्यांच्यावर येऊ द्या, मग गिअर टाका. ढकलस्टार्ट मारायचा असेल तर गाडी ढकलायच्या दिशेच्या उलट गिअर कधीच नको.


खाडीकाठचा | १६ जून, रात्री ९.००

६२० किमी झाले. ५०० वर तेल बदललं, काका म्हणाले तसं ते दहा हजार चालल्यासारखं काळं निघालं. मल्टिजेटचं तेल लवकर काळं होतं हे धरूनही जास्तच. फिल्टर कापला, त्यात राखाडी सिलिकॉनचे चार-पाच कण होते. म्हणजे अजून आत थोडं आहे. पुढचं तेल ५,००० वर बदलणार आणि दर वेळी फिल्टर कापणार.

काल भर पावसात अणुस्कुरा चढून गेलो, गाडीत चौघं आणि सामान. गेज तसंच ठेवलंय, नळी डॅशबोर्डपर्यंत आणून. घाटात दुसऱ्या गिअरला ३.२ वर काटा स्थिर होता. माथ्यावर मिनिटभर आयडलिंगला ठेवून मग बंद केली, टर्बो निवायला. १.२. दिवा नाही, खडखड नाही. घाटमाथादादांच्या पिना देऊन आलो, सोबत रायवळ आंब्यांची पिशवी. हापूस संपला होता.

खर्च: चेन किट, बोल्ट, दोन वेळचं तेल, फिल्टर, सिलिकॉन, वेल्डर, गेज, कोल्हापूरच्या दोन फेऱ्यांचं एसटीभाडं, सगळं धरून १७,४०० रुपये. आणि तेरा दिवस.


चाकरमानी_८८ | १७ जून, रात्री १२.०५

गेज लावून बघितलं. गरम आयडलिंगला ०.९, दोन हजारला १.९. खडखड नाही. माझंही चेंबर २०१९ ला एकदा उघडलं होतं. गणपतीला गावी येईन तेव्हा चार दिवस जास्तीची रजा टाकतो, मला उतरवून बघायचंय. घोड्या आणि तिपाई मिळेल का?


खाडीकाठचा | १७ जून, सकाळी ६.३०

गुहागरहून इथे यायला अर्धा दिवस जाईल, पण या. घोड्या मी आता विकतच घेतल्यात. गणपतीचे पाच दिवस आमच्याकडे पाहुणे असतात, सहाव्या दिवसापासून खळं रिकामं आहे. येताना जाळीच्या नळीची रबरी रिंग मुंबईहूनच घेऊन या, इथे मिळत नाही.